पडद्यावरचें आदर्श गांव आणि बाहेरचा प्रश्नकर्ता

आदर्श समाजाचें चित्र रंगविण्याची हौस आमच्या चित्रपटकारांस प्रथमपासूनच आहे, आणि ती वाईट आहे असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रभातच्या 'शेजारी'पासून (१९४१) अलीकडच्या 'फँड्री'पर्यंत (२०१३) गांव हा मराठी चित्रपटाचा केवळ देखावा नसून पुष्कळदां त्याचा खरा नायक असतो. परंतु ह्या गांवांत बदल कोण घडवितो, आणि सर्वांच्या माना होकारार्थी डोलत असतांना आपली मान आडवी हलविण्याचें धैर्य कोणाच्या अंगीं असतें, हा प्रश्न आम्हांस स्वतःस कधीं सुचला नव्हता. तो सुचविला माळेगांव बुद्रुक येथील एका वृद्ध बागाइतदारानें.

गेल्या हिवाळ्यांत माळेगांवीं एका स्नेह्यांकडे मुक्काम असतां घरांतल्या मंडळींसमवेत 'सामना' पुन्हा पाहण्याचा योग आला. तो पाहावयास ह्याहून उचित स्थळ मिळणें कठीण. भोंवतीं नीरेच्या डाव्या कालव्यावर पोसलेला ऊस उभा, जवळच शिवनगरचा सहकारी साखर कारखाना, आणि रस्त्यानें रात्रभर उसाच्या गाड्यांची वर्दळ. चित्रपट संपल्यावर आम्ही संवयीप्रमाणें सत्ता, भय, सदसद्विवेक इत्यादि शब्दांची पेरणी करूं लागलों. स्नेह्यांच्या वडिलांनीं तें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि मग ते म्हणाले, "सर, त्या मास्तराचा ऊस कुठं उभा हुता रानात? म्हणून त्यो इचारत फिरला."

आमच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानांत जें नव्हतें, तें ह्या एका वाक्यांत होतें.

'सामना' हा थोर चित्रपट आहे, ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. विजय तेंडुलकरांची कथा, रामदास फुटाणे ह्यांची निर्मिति, आणि दौंडला वैद्यकी करणाऱ्या डॉ. जब्बार पटेल ह्यांचें हें दिग्दर्शनांतील पहिलेंच पाऊल. तरी १९७५ सालीं तो बर्लिनच्या महोत्सवांतील स्पर्धेंत दाखल झाला. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें १९५० सालीं सुरू झालेल्या सहकारी कारखानदारीस तेव्हां जेमतेम पंचवीस वर्षें होत होतीं. इतक्या अल्पावधींत तिचें हें अंतरंग उघडें करून दाखविण्यास दृष्टि लागते, आणि छातीही लागते. निळू फुले ह्यांचा हिंदूराव धोंडे पाटील हा नाटकी खलपुरुष नव्हे. त्यानें उभा केलेला कारखाना खरा आहे, समृद्धि खरी आहे, आणि रस्त्यावर सांपडलेल्या दारुड्या मास्तरास आपलें साम्राज्य दाखवितांना त्याच्या चेहऱ्यावर झळकणारा अभिमानही खरा आहे. श्रीराम लागू ह्यांचा मास्तर हा भग्न ध्येयवादाचा अवशेष. नाहींशा झालेल्या मारुति कांबळे ह्या माणसाविषयीं तो विचारूं लागतो, आणि पाहतां पाहतां तो प्रश्न गांवभर होतो. कांबळे ह्या आडनांवावरूनच मराठी प्रेक्षकास बरेंच कांहीं कळतें. चित्रपटाचा भर मात्र त्याच्या नाहींसें होण्यावर आहे.

येथपर्यंत सर्व ठीक. पण गांव गप्प कां बसलें? भीतीनें, असें चित्रपट सांगतो; आणि आमच्या मतें येथें तो अर्धेंच सत्य सांगतो. उसाचा व्यवहार ज्यानें जवळून पाहिला आहे त्यास ठाऊक असतें कीं, पक्व झालेला ऊस फार दिवस रानांत ठेवतां येत नाहीं. तो वाळूं लागतो, वजन घटतें, साखरेचा उतारा कमी होतो. तोडल्यावर तर त्याचें गाळप तांतडीनें व्हावें लागतें. म्हणून नोंद, तोडीची पाळी, मराठवाड्यांतून आलेली टोळी आणि वाहन हीं सर्व जुळून येईपर्यंत बागाइतदाराचा जीव टांगणीस लागलेला असतो. फड रिकामा होण्यास महिना उशीर झाला कीं पुढचें पीक आणि सोसायटीचें कर्ज दोन्ही अडचणींत येतात. अशा मनुष्यास कोणी धमकी देण्याची आवश्यकताच नसते. ह्यांत कोणाची दुष्टबुद्धि असलीच पाहिजे असेंही नव्हे. त्याचें मौन भयाचें नसून पंचांगाचें असतें. हिंदूरावास तुरुंगांत धाडलें तरी तें पंचांग बदलत नाहीं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण माळेगांवच्या लोकांस मुकें ठरविणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. सहकारी कारखान्यांत भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. आणि ह्याच माळेगांवच्या सभासदांनीं २०१५ सालीं बारामतीच्या सर्वांत बलाढ्य राजकीय नेतृत्वाच्या पॅनेलचा पराभव करून कारखाना विरोधी गटाच्या हातीं दिला होता. २०२० सालीं त्यांनींच तो कौल पुन्हा फिरविला. दोन्ही वेळीं त्यांस जागें करावयास कोणी मास्तर बाहेरून आला नव्हता. अर्थात् हा नकार मतपेटीच्या आडोशानें दिलेला, आणि ज्यांचीं नांवें सभासदांच्या यादींत आहेत त्यांनीं दिलेला. ज्यांच्या नांवें जमीन नाहीं अशा घरांतल्या स्त्रिया, भूमिहीन मजूर आणि कोयता घेऊन आलेलीं जोडपीं ह्यांस त्या यादींत स्थान नसतें. आदर्श गांवाचें 'एकमत' म्हणजे बहुधा ह्या यादीचें एकमत होय.

म्हातारबोवांचें तें वाक्य हातीं धरून इतर चित्रपटांकडे पाहिलें म्हणजे मोठी मौज दिसते. औंध संस्थानांतील स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीवरून स्फुरलेला, ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरचा शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) घ्या. सहा खुनी ओसाड माळ फुलवितात. परंतु त्यांस सन्मार्गावर ठेवतात ते जेलरचे दोन डोळे. तो मेल्यावरही ते डोळे त्यांच्यावर रोखलेलेच असतात. ही सुधारणा कीं अखंड पाहरा, अशी शंका आम्हांस प्रत्येक वेळीं येते. श्याम बेनेगल ह्यांचा 'मंथन' (१९७६) गुजराथेंतला; त्याच्या निर्मितीसाठीं पांच लाख दूध-उत्पादकांनीं दोन-दोन रुपये दिले. पैसा गांवकऱ्यांचा, पण प्रश्न विचारावयास डॉक्टर शहरांतूनच यावा लागतो, आणि काम अर्धवट टाकून त्यास परतही जावें लागतें. 'मंथन'चें श्रेय इतकें कीं, त्याच्या मागें दूध-संस्था चालू ठेवणारा भोळा तरी गांवांतला आहे. मास्तर, जेलर, डॉक्टर. तिघांचाही ऊस कोठेंच उभा नाहीं.

'शेजारी'ची गोष्ट निराळी. तेथें मिर्झा आणि जिवबा पाटील हे दोघे गांवाचेच. विश्राम बेडेकरांच्या लेखणीनें त्यांचें सख्य इतक्या गोडव्यानें रंगविलें आहे कीं गजानन जागीरदार आणि केशवराव दाते पडद्यावर आहेत हें भान राहूं नये. बाहेरून येतो तो धरण बांधणारा भांडवलदार, आणि बदल म्हणजे फूट असें समीकरण बनतें. शेवटीं धरण फुटतें आणि दोघे मित्र त्यांत प्राणांस मुकतात. हिंदु-मुसलमानांच्या ऐक्यासाठीं १९४१ सालीं ह्या चित्रपटाची किती निकड होती हें आम्ही जाणतों. तथापि ज्यांच्या आजोबा-पणजोबांचें नशीब भाटघरच्या धरणानें पालटलें, त्या माळेगांवकरांस धरण हें अरिष्टाचें प्रतीक म्हणून कसें रुचावें?

गांवांत राहून नकार देणारा मनुष्य आम्हांस भेटतो तो थेट 'फँड्री'मध्यें. आणि तो मनुष्य नव्हे, शाळकरी पोर आहे. इंदापुराच्या पलीकडे, उजनीच्या पाण्याच्या दुसऱ्या अंगास असलेल्या करमाळे तालुक्यांतले नागराज मंजुळे ह्यांनीं हा चित्रपट केला. कैकाडी समाजाचा जब्या आणि त्याचें कुटुंब डुक्कर धरण्याच्या खटपटींत असतां शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. घरचीं सर्व माणसें जागच्या जागीं ताठ उभीं राहतात आणि हातीं आलेलें डुक्कर निसटून जातें. शिस्तीनें कोणाचें काय जातें हें दाखविण्यास एकही संवाद लागत नाहीं. हिंदूरावासारखा कोणी एक अपराधी येथें नाहीं. आहे तें हंसणारें गांव. आणि जब्याचा दगड अखेर आमच्याच रोखानें येतो.

एवढेंच कीं दगडापाशीं मंजुळेही थांबतात. मास्तरास दुसऱ्या गांवीं जातां येतें, डॉक्टरास बदली मिळते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जब्या त्याच रस्त्यानें, त्याच पोरांसमोरून शाळेंत गेला कीं नाहीं, आणि त्याच्या बापास त्या गांवांत पुन्हा काम मिळालें कीं नाहीं, हें दाखविणारा चित्रपट अद्याप आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.