मोशेचा मृत्यू कोणी लिहिला?

मालाडच्या ओर्लेम, मार्वे, एरंगळ पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत अब्राहाम, याकोब, मोशे ही नावं नात्यातली असावीत इतकी सरावाची आहेत. मिस्सातलं पहिलं वाचन बहुतेक रविवारी जुन्या करारातलं असतं. याच समुद्राने दक्षिणेला गेलं की अलिबागजवळचं नवगाव लागतं. गलबत फुटल्यावर आपले पूर्वज तिथेच किनाऱ्याला लागले, असं बेने इस्राएल हा कोकणातला यहूदी समाज सांगत आला आहे. हिब्रू ग्रंथ ऐकणारेही मराठी आणि त्यातल्या लोकांचे वंशजही मराठी, असा हा योग. तरीही ‘हे ग्रंथ लिहिले कोणी?’ हा प्रश्न मराठी समीक्षेने मनावर घेतलेला दिसत नाही.

सांगणाऱ्यांची परंपरा मात्र भरघोस आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीपासूनची जुन्या करारातली कथा ओवीत उतरली आहे. भाषा देखणी, पण दृष्टी ठरलेली: इस्राएल लोक तारणाऱ्याची वाट पाहण्यापुरते. मुख्य कथा दुसऱ्या भागाची, आणि हे सगळे तिची नांदी. पुढे मिशनऱ्यांच्या भाषांतरांनी मूळ पाठाशी इमान राखलं. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अवघं बायबल साध्या मराठीत आणलं. ते 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि चर्चची पायरी न चढलेल्या वाचकाच्या कपाटातही जुना करार पोहोचला.

या सगळ्यांपेक्षा वेगळी वाट बेने इस्राएलांची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, छापला गेला. 1880 च्या सुमारास त्यांच्यात कीर्तनं सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी चालींत रंगली. स्टीफन्सनी ज्यांना नांदीत उभं केलं, तेच इथे आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगू लागले. ‘ग्रंथातले हे लोक कोण?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर साधं होतं: आम्हीच. ते उत्तर पुढे तपासलंही गेलं. इस्राएलमध्ये धर्मपीठाने विवाहासाठी त्यांच्या यहूदीपणावर शंका घेतली, तेव्हा त्यांनी आंदोलन केलं आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण यहूदी म्हणून मान्यता मिळाली.

लेखकत्वाच्या प्रश्नावर मात्र कीर्तनकार आणि पाद्री दोघेही गप्प. मोशेच्या नावावर पाच पुस्तकं आहेत. पाचव्याच्या, म्हणजे ‘अनुवाद’च्या, 34 व्या अध्यायात मोशे मरतो, त्याला पुरतात, आणि त्याची कबर कुणाला ठाऊक नाही हेही तिथेच सांगितलं आहे. हे कोणी लिहिलं? हे मोशेचं नाही, असं बाराव्या शतकात यहूदी भाष्यकार इब्न एझ्राने आडून सुचवलं, 1670 मध्ये तत्त्वज्ञ स्पिनोझाने उघड लिहिलं, 1878 मध्ये जर्मन अभ्यासक वेलहाउजेनने चार वेगवेगळ्या लिखाणांची मांडणी केली. ती मांडणी आज जशीच्या तशी टिकलेली नाही, पण या पुस्तकांवरून अनेक हात फिरले आहेत याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद उरलेला नाही.

असा विचार आपल्याला परका नाही. ‘तुका म्हणे’ असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचाच, असं कोणताही जाणता वारकरी धरून चालत नाही. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण पाठ बिघडतो हे त्यांना ठाऊक होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताच्या पोथ्या ओळीओळीने ताडून पाहिल्या. तिथे हाताशी पोथ्या होत्या; मोशेच्या पुस्तकांतले थर पाठाच्या पोटातूनच ओळखावे लागतात, हा फरक खरा. पण थर असतात हे मान्य करायला लागणारं मन आपल्याकडे आधीच तयार आहे. ते या ग्रंथाकडे वळलं नाही, एवढंच. कारण उघड आहे: श्रद्धाळूला तो प्रश्न अधर्म वाटला आणि इतरांना ते पुस्तक परक्याचं वाटलं.

गंमत म्हणजे भाषांतरकारांनी पुरावा नकळत जपून ठेवला आहे. मराठी ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात निर्माता आहे ‘देव’. दुसऱ्या अध्यायात, चौथ्या वचनापासून, तो होतो ‘परमेश्वर देव’. मूळ हिब्रूतली दोन नावं त्यांनी वेगळी ठेवली. माणूसही तिथे पुन्हा नव्याने, मातीतून घडतो. रविवारी वाचणाऱ्याचा आवाज तोच राहतो, पण त्या एका शब्दापाशी लिहिणारा हात बदललेला असतो. मराठी समीक्षेला सुरुवात करायची असेल, तर ती या शब्दापासून करता येईल.