कूपे : एक आस्वाद

पुण्यात एखादी गोष्ट नुसती वापरून भागत नाही, तिच्याविषयी मत असावं लागतं. मिसळ खाणारा तर्रीवर बोलतो. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत डुलक्या काढलेला माणूस घरी येऊन विलंबित ख्यालावर बोलतो. पुस्तकावर बोलायला तर ते वाचण्याचीही अट नाही. अशा या गावात मोटारीचं परीक्षण मात्र आपण तज्ज्ञांच्या हाती सोपवून बसलो आहोत. तज्ज्ञ मंडळी गाडी सफाईनं चालवतात, टॉर्क आणि सस्पेन्शन हे शब्द योग्य जागी वापरतात, सगळं खरं. पण त्यांच्या मागच्या सीटवर कधी कोणाची सासू बसलेली नसते. "अहो, तो एसी जरा कमी करा, कान दुखतोय" म्हणणारं मागं कोणी नसलं, की कुठलीही गाडी चांगलीच वाटणार!

म्हणून हे परीक्षण.

माझ्याकडे आलेली गाडी नवी, लाल, आटोपशीर आणि माहितीपत्रकाच्या शब्दांत 'स्पोर्टी कूपे' आहे. ती माझी नाही. माझा भाचा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. त्यानं गाडी घेतली आणि महिन्याच्या आत कंपनीनं त्याला आठ महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मामा, आठवड्यातून दोनदा तरी फिरव. नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल." मासिकांकडे 'अभिप्रायार्थ' पुस्तकं येतात ना, तशी ही अभिप्रायार्थ गाडी. हप्ते त्याचे आणि हात माझे. समीक्षकाला याहून आदर्श अवस्था नाही. कंपनीचं नाव सांगत नाही. टीका कृतीवर करावी, कर्त्यावर करू नये, असं जाणकार म्हणतात.

'कूपे' हा शब्द आपल्याला शिकवला रेल्वेनं. फर्स्ट क्लासमध्ये चौघांची केबिन आणि दोघांचा कूपे. नव्या जोडप्याला कूपे मिळाला, तर नवऱ्यामुलाच्या मामाचा रेल्वेत केवढा वशिला आहे, याची चर्चा दोन्ही व्याह्यांकडे वर्षभर चालायची. मूळ शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ 'कापलेला'. घोडागाडीत समोरासमोर दोन बाकं असत. त्यातलं एक कापून दोघांपुरती सुटसुटीत गाडी केली, तिला कूपे म्हणू लागले. पुढं मोटारी आल्या आणि नाव त्यांच्याकडे गेलं : दोन दारं, पुढं दोघं, मागं उतरत गेलेलं छप्पर. म्हणजे कूपेत काय आहे यापेक्षा काय छाटलं आहे, यावरून ती ओळखायची. तेव्हा समीक्षकाचा पहिला प्रश्न हाच, की इथं काय छाटलं, आणि कशासाठी?

छाटण्याचं आपल्याला वावडं नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं, आणि कारखानदारांनी फूटपट्ट्या बाहेर काढल्या. २००८ साली टाटांची इंडिगो सीएस आली. इंडिगोची डिकी आखूड करून सबंध गाडी चार मीटरच्या आत बसवलेली. दिसायला ती शेवटचं प्रकरण घाईत उरकलेल्या कादंबरीसारखी होती. पण त्या कापण्यामागचं कारण मला, बी. कॉम. झालेल्या माणसाला, न सांगता कळलं. कर वाचवायचा म्हटलं की गृहस्थ काय वाटेल ते आखूड करतो.

कूपेचं तसं नाही. ती छाटतात रूपासाठी. आणि रूपाच्या बाबतीत खोटं बोलण्यात अर्थ नाही, गाडी देखणी आहे! काचेपासून छप्पर जे निघतं, ते एखाद्या गवयानं तार षड्जावरून मींड घेत खाली यावं तसं डिकीपर्यंत उतरत येतं. आमच्या सोसायटीचा वॉचमन मला आठ वर्षं ओळखत नव्हता. आता तो सलाम करतो. अर्थात तो गाडीला करतो. मध्ये मी बसलेलो असतो एवढंच. शनिवारात एका वाड्यासमोर गाडी लावली, तेव्हा एक आजोबा काठी टेकत आले. दोन प्रदक्षिणा घातल्या. मला वाटलं, आता सौंदर्यावर काही बोलतील. ते म्हणाले, "ॲव्हरेज काय देते?" मी आकडा सांगितला. "हं," म्हणाले आणि निघून गेले. एवढं मार्मिक परीक्षण मलाही जमायचं नाही.

आता चालवण्याविषयी. गाडीत 'स्पोर्ट' असं एक बटण आहे. ते मी पहिल्यांदा कर्वे रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला दाबलं. इंजिनाचा सूर चढला, पडद्यावरचे आकडे लाल झाले, आणि गाडी होती तिथंच उभी राहिली. पुढं बस, डावीकडे रिक्षा, उजवीकडे हेल्मेट कोपराला अडकवलेला तरुण. गाडीला चहूबाजूंनी डोळे आहेत. कोणी फार जवळ आलं की ती शिटी वाजवते. ही सोय ज्या देशात शोधली, तिथं कोणी क्वचितच जवळ येत असावं. लक्ष्मी रस्त्यावर बेलबाग चौकापासून विजय टॉकीजपर्यंत ती अखंड शिटी वाजवत होती. लोक वळून माझ्याकडे बघत होते.

उतरत्या छपराला एक शास्त्रीय कारणही आहे, ते न सांगणं अन्यायाचं होईल. गाडीमागं हवेचे भोवरे होतात आणि ते गाडीला मागं ओढतात. छप्पर हळूहळू उतरतं ठेवलं तर ही ओढ कमी होते आणि इंधन वाचतं. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ने जाताना जेवढा विरोध होतो, त्याचा पंचविसावा हिस्सा ताशी २० ला होतो. आणि पुण्यात ताशी २० म्हणजे रस्ता मोकळा असल्याचं लक्षण. थोडक्यात, हे छप्पर लोणावळ्याला जाताना उपयोगी आणि मंडईत जाताना शोभेचं. मी मंडईत आठवड्यातून दोनदा जातो.

आता त्या छपराखाली कोण बसतं, ते पाहू.

आमच्या घरी आधी इंडिका होती. १९९८ साली ती आली, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि रतन टाटांनी तिच्यासाठी घातलेल्या अटी आम्हाला पाठ होत्या : आतली जागा अँबेसेडरची, आकार झेनचा, किंमत मारुती ८०० च्या आसपास आणि चालवण्याचा खर्च डिझेलचा. एवढ्या अटी एका दमात फक्त वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर भरलेल्या असतात. पण त्या अटींमागं एक माणूस स्पष्ट दिसत होता. त्याला आई, वडील, बायको, पोरं आणि ऐनवेळी "मला वाटेत सोडा" म्हणणारा शेजारी, एवढा प्रपंच एका गाडीत बसवायचा होता. ही गाडी पुण्यात जन्मली आणि पुण्यातल्या माणसाचं माप घेऊन जन्मली.

त्याच टाटांनी मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो नावाचा कूपे मांडला. दोघांची बैठक, लांबी चार मीटरच्या आत, १९० अश्वशक्ती, आणि शून्यापासून ताशी १०० गाठायला सहा सेकंदही लागणार नाहीत असा दावा. ही गाडी एका व्हिडिओ गेममध्येही येणार, असंही तेव्हा जाहीर झालं होतं. बाजारात मात्र ती आलीच नाही. त्याआधी, नव्वदीच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोघांची मोटार निघाली होती; तिचीही मजल फार लांब गेली नाही. सहा सेकंद मोकळा रस्ता पुण्यात कुठं मिळाला असता, हे मला सांगता येत नाही. त्या दृष्टीनं व्हिडिओ गेम हीच तिची योग्य जागा होती. पण या गाड्यांचा एक गुण मला मान्य करावासा वाटतो. त्या सरळ सांगत होत्या : जागा दोघांची आहे, तिसऱ्यानं रिक्षा करावी. रेल्वेच्या कूपेसारखा रोकडा व्यवहार.

हल्लीचा कूपे तेवढा सरळ नाही. २००८ मध्ये बीएमडब्ल्यूनं एक्स सिक्स काढली. उंच, दणकट गाडी, चार दारं आणि वर कूपेचं छप्पर. तिच्या सरळ पाठीच्या भावंडापेक्षा, एक्स फाइव्हपेक्षा, मागं जागा कमी आणि किंमत जास्त. कमी माल जास्त भावानं विकण्याचं हे कसब जगभर पसरलं आणि २०२४ साली आपल्याकडे टाटांची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसॉल्ट अशा दोन गाड्या एकाच मोसमात आल्या. सामानाला जागा भरपूर : एकीत ५०० लिटर, दुसरीत ४७०. बॅगांची कुचंबणा होत नाही. उतरतं छप्पर जिथं खाली येतं, तिथं बॅगेला डोकं नसतं. मागं बसणाऱ्याला असतं. कारखानदारांनाही हे ठाऊक असतं. मग कोणी मागची सीट खाली घेतो, कोणी तिची पाठ कलती करतो, कोणी छताला आतून खळगा पाडतो. उंचीनं बेताच्या माणसाचं त्यात भागतंही.

माझे वडील, नाना, बेताच्या उंचीचे नाहीत. पाच फूट अकरा इंच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पाठीला बाक नाही. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, ते उभं राहून. संकष्टीला आम्ही या गाडीतून थेऊरला निघालो. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून पुढची सीट तिची. मागं नाना, मध्ये माझी मुलगी, पलीकडे सौभाग्यवती. हडपसरपर्यंत नाना काही बोलले नाहीत. मी आरशात पाहिलं. त्या गाडीची मागची काच पत्राच्या पेटीच्या फटीएवढी आहे, तिच्यातून मागची वाहतूक दिसतच नाही. दिसत होती ती नानांची वाकलेली मान. मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबा आत्तापासूनच नमस्कार करतायत." सगळे हसले. नानाही हसले, पण मान तशीच ठेवून.

पुढच्या संकष्टीला मी किल्ली हातात घेतली, तेव्हा नाना म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मला जरा वाचायचंय." हातात गेल्या दिवाळीचा अंक होता. तो त्यांनी दिवाळीतच वाचून संपवला होता.

आता ताळेबंद मांडू. भाच्याच्या बाजूनं पाहिलं तर गाडी चोख आहे. तो एकोणतीस वर्षांचा, वाकडला राहतो, आईवडील साताऱ्याला. त्याच्या मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग बसते आणि तिची तक्रार नाही. वर्षभर हप्ते भरून स्वतःच्या कमाईची एक देखणी वस्तू त्यानं घेतली, तर त्याला नाक मुरडायचा मला काय अधिकार? आमच्या पिढीनं स्कूटरवर चौघं बसवले, त्यात त्यागापेक्षा पगाराचा भाग मोठा होता. विम्याच्या तक्त्याप्रमाणे सहा महिन्यांत गाडीची किंमत पाच टक्के उतरते, वर्ष होता होता पंधरा टक्के, दुसऱ्या वर्षात वीस. पण सकाळी खाली उतरून तिच्याकडे बघताना त्याला जे वाटतं, त्याला घसारा लावायला आमच्या अभ्यासक्रमात पद्धत नव्हती. ते 'गुडविल'खाली जमा धरावं.

कारखानदारालाही मी फार दोष देत नाही. शिंपी अंगापेक्षा मोठा सदरा शिवत नाही. आपलीच घरं आधी वाड्यातून चाळीत, चाळीतून टू बीएचकेत छाटली गेली. गाडीनं त्या घराचं माप तेवढं घेतलं. माझा आक्षेप एवढाच आहे, की दोघांचं माप घेऊन पाच जणांची सीट लावू नये. दोन दारांची गाडी निदान म्हाताऱ्याला खोटं आमंत्रण देत नाही. चार दारांची गाडी दार उघडून "या, बसा" म्हणते, आणि आत गेल्यावर मान खाली घालायला लावते. आपल्या भाषेत गळ्याच्या मागच्या भागाला आणि आदराला एकच शब्द आहे. ज्या कोणी तो ठेवला, त्यानं मागच्या सीटचा विचार केला असावा.

तेव्हा शिफारस अशी. घरात दोघंच असाल, किंवा दोन लहान मुलं असतील, तर कूपे जरूर घ्या, आनंद घ्या, स्पोर्टचं बटण दाबा आणि सिग्नलला उभे राहा. घरात कोणी उंच म्हातारं माणूस असेल, तर टेस्ट ड्राइव्हला जाताना त्यांना बरोबर न्या. स्टिअरिंगवर तुम्ही बसूच नका. त्यांना मागं बसवा, दार लावा आणि पंधरा मिनिटं बाहेर चहा पीत थांबा. सेल्समन धावत येईल, "सर, चालवून नाही बघणार? हे काय करताय?" असं विचारेल.

त्याला सांगा, मान मोजतोय.