छोटी गाडी, महाग पुस्तक

क्रेग मॉड हा अमेरिकन डिझायनर विशीच्या आसपास जपानला गेला आणि तिथेच रमला. त्याचं बरंचसं काम स्क्रीनवरचं. २०११ मध्ये फ्लिपबोर्डचं आयफोन ॲप आलं, त्या टीममध्ये तो होता. आज तो आपली पुस्तकं स्वतः काढतो. दिवसा कोड लिहिणाऱ्या आणि रात्री ‘आपणही एखादं पुस्तक काढावं’ असं वाटणाऱ्या माझ्यासारख्यांचा तो जवळजवळ कुलदैवत झाला आहे. त्याला कल्पना कुठून सुचतात हे बघितलं तर गंमत वाटते: एक जुनी मोटार, पिझ्झा टोस्ट आणि भरपूर पायपीट. यातल्या मोटारीबद्दल माझी तक्रार आहे.

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ‘सबकॉम्पॅक्ट पब्लिशिंग’ हा निबंध लिहिला. तेव्हा आयपॅड नवा होता आणि मोठी मासिकं आपली छापील पानं जशीच्या तशी त्यात कोंबत होती. ‘वायर्ड’चा २०१० मधला पहिला आयपॅड अंक ५०० एमबीच्या वर होता. आपल्या तेव्हाच्या इंटरनेटवर तो उतरवायला घेतला असता तर वाचायची हौस आधी संपली असती. मॉडचं म्हणणं सरळ होतं. अंकात तीन ते सात लेख पुरे. फाइल हलकी हवी. वर्गणी डिजिटल मालाला शोभेल एवढीच. पानं उलटायची नाटकं नकोत, सरळ स्क्रोल करू द्या. वेळापत्रक लवचीक ठेवा. आणि लेख खुल्या वेबवरही उघडला पाहिजे.

हे सगळं त्याने होंडाच्या एन-३६० या गाडीच्या आधाराने मांडलं. १९६७ ची ही चिमुकली गाडी. इंजिन ३५४ सीसी, म्हणजे आपल्या बुलेटएवढं. आधी चार माणसांना बसायला किती जागा लागेल ते ठरवायचं, मग उरलेल्या जागेत यंत्र बसवायचं, असा तिच्यामागचा विचार होता. मॉडचा प्रश्न असा की प्रकाशनाची अशी गाडी कुठे आहे?

इंजिनिअरला हा निबंध लगेच पटतो. माणसाची गरज आधी, यंत्र नंतर. मराठी वाचकाला मात्र त्यातली दोन कलमं वाचताना हसू येईल. छोटा अंक आणि लवचीक वेळापत्रक, या दोन्हींना मिळून आपल्याकडे एक शब्द आहे: लघुअनियतकालिक. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ काढणाऱ्यांना ही गोष्ट पन्नास-साठच्या दशकांतच कळली होती, तीही होंडाशिवाय. ती बहुतेक अल्पायुषी ठरली. पण मॉडने ज्याला आदर्श नमुना मानलं, ते मार्को आर्मेंटचं ‘द मॅगझिन’ तरी कुठे टिकलं? ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालं, डिसेंबर २०१४ मध्ये बंद पडलं. हलकी फाइल होती, थोडे लेख होते, महिन्याला दोन डॉलरच्या आत वर्गणी होती. सगळी कलमं पाळूनही दोन वर्षं आणि वर दोन महिने.

इथे माझी तक्रार सुरू होते. एन-३६० लहान होती, पण ती बनवणारी होंडा लहान नव्हती. गाडी स्वस्त पडली, कारण कारखाना मोठा होता आणि त्यातून गाड्यांमागून गाड्या बाहेर पडत होत्या. लहान वस्तू आणि लहान धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉडच्या रूपकात त्या एकमेकींत मिसळून जातात. सॉफ्टवेअरमध्ये ते खपतं, कारण ॲपच्या दुसऱ्या प्रतीला जवळपास काहीच खर्च येत नाही. कागदावर आलात की हिशोब उलटा होतो. जितक्या कमी प्रती, तितकी प्रत्येक प्रत महाग.

आणि मॉड कागदावर आलाच. २०२० मध्ये त्याने ‘किस्सा बाय किस्सा’ काढलं. ‘किस्सा’ म्हणजे किस्सातेन, जपानी गावांतली जुनी कॅफे. आपल्या इराण्यांची चुलत भावंडं म्हणा. जुन्या नाकासेन्दो मार्गाने हजाराहून अधिक किलोमीटर चालत तो या कॅफेंमध्ये बसला, म्हाताऱ्या मालक-मालकिणींशी बोलला आणि जाड पावावरचा पिझ्झा टोस्ट खात राहिला. गिऱ्हाईक कमी झालंय, पुढची पिढी हे दुकान चालवणार नाही, तरी सकाळी शटर उघडायचंच, असं हे जग. पुस्तक कापडी बांधणीचं, देखणं. किंमत साधारण १०० डॉलर.

म्हणजे बघा, ज्या टपरीवजा कॅफेत कोणीही बसू शकतं, तिच्यावरचं पुस्तक माझ्या ओळखीतलं कोणीच विकत घेऊ शकत नाही. प्रेरणा सगळ्यांसाठी बनलेल्या गाडीची होती, हाती आली ती मोजक्यांसाठीची वस्तू.

मॉडवर अन्याय नको. याच चालण्यावरचा त्याचा पिझ्झा टोस्टचा लेख २०१९ मध्ये ‘ईटर’वर आला, तो फुकट वाचता येतो. त्याचे सभासद वर्षाची वर्गणी भरतात, आणि त्या जिवावर त्याचे बरेच निबंध सगळ्यांना खुले राहतात. मॉडेल प्रामाणिक आहे: शंभर डॉलर देणारे थोडे लोक, न देणाऱ्या अनेकांचं वाचन चालवतात. पण त्याचं पुढचं पुस्तक, ‘थिंग्ज बिकम अदर थिंग्ज’, आधी २०२३ मध्ये त्याने स्वतः महागड्या रूपात काढलं आणि साध्या किमतीत ते आलं २०२५ मध्ये, रँडम हाऊसकडून. स्वस्त गाडीसाठी शेवटी मोठाच कारखाना लागला.

हे मी एवढं उगाळतोय, कारण आम्ही तीन मित्र एक छोटं मराठी प्रकाशन सुरू करतोय. पहिल्याच बैठकीत जाड कागद, कापडी बांधणी, क्रमांक घातलेल्या प्रती अशी मॉडछाप यादी तयार झाली. मग छापखान्याची कोटेशनं आली. आमचे वाचक आमच्याच वयाचे. रूमचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे आणि ईएमआय सांभाळून पुस्तक घेणारे. त्यांच्यासाठी ती यादी म्हणजे बंद दार होतं.

मॉडकडून घ्यायचंच तर दुसरं काही घ्यावं. २०१० मध्ये ‘आर्ट स्पेस टोकियो’च्या नव्या आवृत्तीसाठी किकस्टार्टरवर त्याने जवळपास २४ हजार डॉलर जमवले आणि मग किती किमतीला किती लोकांनी पैसे दिले याचा हिशोब चारचौघांत मांडला. २०२० मध्ये किकस्टार्टर टाळून स्वतःच्या शॉपिफाय दुकानावर आगाऊ नोंदणी घेता यावी म्हणून त्याने ‘क्रेगस्टार्टर’ नावाचा कोड तयार केला आणि गिटहबवर खुला ठेवला. आपल्याकडे प्रकाशक आणि लेखक दोघंही आकड्यांवर हात झाकून बसतात. आवृत्ती किती प्रतींची, हे पुष्कळदा लेखकालाही ठाऊक नसतं.

त्या यादीतलं कापड आम्ही खोडलंय. पेपरबॅक, साधा कागद, आगाऊ नोंदणी, आणि शेवटच्या पानावर तक्ता: किती प्रती छापल्या, कागदाला किती गेले, टपालाला किती, लेखिकेला किती. लेखिका हो म्हणालीय. छापखानेवाल्या काकांनी मात्र विचारलं, “आमचे दर पण छापणार काय?”