पळसाचे चित्र आणि चित्रकाराचे नाव

'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण बहुधा उसासा टाकून उच्चारतो. वस्तुतः ते एक चोख निरीक्षण आहे. मात्र वनस्पतीचे चित्र काढणाऱ्यास तेवढ्यावर थांबता येत नाही. म्हण ज्यांना पाने म्हणते त्या तीन पर्णिका एकसारख्या नसतात. मधली मोठी व तळाशी निमुळती, बाजूच्या दोन्ही तळाशी तिरक्या. हा तिरकेपणा चुकला तर फुले कितीही साधोत, चित्र शास्त्राच्या कामाचे नाही.

कंपनी सरकारचा वनस्पतितज्ज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने सामलकोटला असताना तेलुगू मुलखातील वनस्पतींची चित्रे भारतीय चित्रकारांकडून करवून घेतली. त्यांतील ३०० निवडक चित्रे 'प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल' या ग्रंथात १७९५ ते १८२० या काळात लंडनला प्रसिद्ध झाली. आपला पळस, म्हणजे इथला 'मोदुग', पहिल्याच खंडात आहे.

फाल्गुनात पळस निष्पर्ण होऊन फुलतो. शास्त्रीय चित्रपरंपरा मात्र पान, फूल आणि शेंग एकाच कागदावर आणते. निरनिराळ्या महिन्यांचा हा मेळ काहींना कृत्रिम वाटतो. मला तो वाटत नाही. ओळख पटवणे हेच या चित्राचे काम आहे.

आजच्या प्रदर्शनांतील पळस बहुधा शेंदरी रंगाचा नुसता भडका असतो. पाकळ्यांवरील रुपेरी लव, संदलाचे काळपट मखमल, पोपटाच्या चोचीसारखा बाक यांकडे कोण पाहतो? जलरंगात ती लव दाखवायची तर रंग पातळ ठेवून कागदाचा पांढरेपणा राखावा लागतो. घाईने रंग ओतणाऱ्यास ते जमत नाही.

रॉक्सबर्गच्या ग्रंथात चित्रकारांची नावे नाहीत. पुढे मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइटने रंगय्या आणि गोविंदु यांची नावे चित्रांबरोबर छापली. १८५३ मध्ये तर त्याने ऑर्किडच्या एका प्रजातीस 'गोविंदूइया' असे नाव दिले. अभ्यासकांनी ती प्रजाती नंतर दुसरीत विलीन केली, ही गोष्ट वेगळी. आमच्या सरकारी कार्यालयांत साध्या टिप्पणीखालीही लिहिणाऱ्या कारकुनाची आद्याक्षरे असत! जुन्या पळसचित्राची प्रत दिवाणखान्यात लावताना मात्र आपण खाली केवळ रॉक्सबर्गचे नाव लिहितो. तेथे 'भारतीय चित्रकार, नाव अज्ञात' एवढी एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?