मक्याची दंतकथा आणि साखरेचा हिशेब

'हातभट्टी' या आपल्या शब्दात हात आहेत, भट्टी आहे आणि तिच्यामागे धूर व पोलिसांची धाडही आहे. अमेरिकेत याच वस्तूला 'मूनशाईन' म्हणजे चांदणं म्हणतात. हा शब्द मुळात तिकडचा नाही. फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५च्या बोलीकोशात इंग्लंडच्या केंट आणि ससेक्स किनाऱ्यांवर चोरून उतरवल्या जाणाऱ्या ब्रँडीसाठी तो नोंदलेला आहे. पण रुजला तो अमेरिकेत, आणि त्याच्याभोवती एक नायक उभा राहिला. अपालाचियन डोंगरात राहणारा, काटक, कुणाची चाकरी न करणारा, आजोबांच्या पद्धतीने मक्याची दारू गाळणारा आणि सरकारला कर न देणारा असा हा माणूस. गेली सव्वाशे-दीडशे वर्षं कथा, चित्रपट, व्यंगचित्रमालिका आणि दूरचित्रवाणी यांनी त्याला पोसलं. हा नायक घडवताना चित्रातून कोणाकोणाला बाहेर काढावं लागलं, हे या लेखात पाहायचं आहे.

या दंतकथेचं मूळ खोटं नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने १७९१ साली व्हिस्कीवर कर बसला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याला डोंगर ओलांडून धान्य पूर्वेच्या बाजारात नेणं परवडत नसे. तेच धान्य गाळून पिंपात भरलं, की घोड्याच्या पाठीवर जाई. रोख पैसा दुर्मीळ असल्याने व्हिस्की चलनासारखीही चाले. कराची रचना अशी होती, की मोठ्या भट्टीवाल्याला त्याचं ओझं हलकं पडे आणि छोट्याला जड. १७९४ साली बंड पेटलं. ते मोडायला अध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे १३,००० सैनिकांची फौज घेऊन निघाले. १८०२ साली कर रद्द झाला. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ साली तो पुन्हा आला आणि मग गेला नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं घरचं काम बेकायदा ठरलं. छोट्या माणसाची तक्रार खरी होती. पुढच्या साहित्याने ती जपली, पण त्या तक्रारीतला आरोपी मात्र बदलत नेला.

पहिला बदल काळाचा. मेरी मर्फ्री यांनी चार्ल्स एग्बर्ट क्रॅडॉक या पुरुषी टोपणनावाने लिहिलेला 'इन द टेनेसी माउंटन्स' हा कथासंग्रह १८८४ साली आला. डोंगराशी त्यांची ओळख उन्हाळी मुक्कामातली. शहरी वाचकाला त्यांनी दाखवला तो काळ थांबलेला प्रदेश. होरेस केफार्ट यांची गोष्ट वेगळी. हा ग्रंथपाल १९०४ साली स्मोकी पर्वतात राहायलाच आला. 'अवर सदर्न हायलँडर्स' या १९१३च्या पुस्तकात दारू गाळण्यामागची आर्थिक अपरिहार्यता त्याने नीट मांडली. तरीही डोंगरी माणूस म्हणजे अठराव्या शतकातून शिल्लक राहिलेला पूर्वज, ही चौकट त्यालाही मोडता आली नाही. माणूस एकदा पूर्वज ठरला, की त्याच्या धंद्यातला दलाल, घाऊक व्यापारी आणि शहरातलं गिऱ्हाईक आपोआप दिसेनासे होतात.

ते दिसले व्हर्जिनियातल्या फ्रँकलिन काउंटीत. १९३५ साली तिथे कटाचा मोठा खटला उभा राहिला. शेरिफचं खातं भट्टीवाल्यांकडून नेमाने हप्ता घेत असे, असा आरोप होता. पुराव्यात कोठारांचा हिशेब आला. सुमारे २४ हजार वस्तीच्या या काउंटीत चारेक वर्षांत जवळजवळ ३ कोटी ३८ लाख पौंड साखर उतरली होती. माणशी चौदाशे पौंड! मक्याचं पीठ आलं होतं, पण साखरेच्या निम्म्याहूनही कमी. 'आजोबांची मक्याची व्हिस्की' ती हीच. ही साखर रेल्वेने आली, उधारीवर विकली गेली आणि तिची दारू मोटारींतून शहरांकडे गेली. काउंटीचे सरकारी वकील कार्टर ली हेही आरोपींत होते. ते निर्दोष सुटले, बरेच जण दोषी ठरले.

हा खटला पाहायला शेरवुड अँडरसन आले होते. १९३६ साली आलेली त्यांची 'किट ब्रँडन' ही कादंबरी या विषयावरची सर्वांत प्रामाणिक कृती आहे, असं माझं मत आहे. नायिकेसाठी त्यांच्यापुढे विली कार्टर शार्प ही बाई होती. दारूच्या गाड्यांच्या ताफ्याबरोबर ती गाडी हाकत असे आणि खटल्यात तिने साक्षही दिली. अँडरसनची किट डोंगर सोडते, आधी कापडगिरणीत राबते आणि मग दारूच्या धंद्यात येते. म्हणजे गिरणी आणि दारू हे एकाच उद्योगव्यवस्थेतले दोन कारखाने ठरतात. रचनेच्या दृष्टीने ही कादंबरी विस्कळीत आहे. पण मालक कोण आणि मजूर कोण, याचा विसर ती वाचकाला पडू देत नाही. कदाचित म्हणूनच ती दंतकथेच्या उपयोगाची नव्हती.

याच काउंटीवर मॅट बाँड्युरंट यांनी 'द वेटेस्ट काउंटी इन द वर्ल्ड' ही कादंबरी २००८ साली लिहिली. कथेतल्या भावांपैकी जॅक हे लेखकाचे आजोबा. या कादंबरीत अँडरसन स्वतः पात्र म्हणून येतात. २०१२ साली निघालेल्या 'लॉलेस' या चित्रपटातून ते वगळले गेले. चित्रपटात भ्रष्ट सरकारी वकील आहे हे खरं. पण प्रेक्षकाच्या द्वेषाचं केंद्र आहे तो चार्ली रेक्स हा शिकागोहून आलेला, नटवा, क्रूर अधिकारी. इतिहासातला रेक्स याच काउंटीचा डेप्युटी होता. स्थानिक माणसाला परका केलं, की गावाची एकी शाबूत राहते आणि हप्त्याची साखळी विसरता येते. रॉबर्ट मिचम यांच्या १९५८च्या 'थंडर रोड'मध्येही युक्ती तीच. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला शहरी गुंड आणि मधे निष्पाप दरी.

गाडीने या दंतकथेला वेग दिला. १९४८ साली स्थापन झालेल्या नॅस्कारच्या सुरुवातीच्या शर्यतपटूंत दारू वाहून नेणारे होते. त्यांतला ज्युनियर जॉन्सन १९५६ साली पकडला गेला, तो मात्र गाडीत नव्हे, वडिलांच्या भट्टीवर. टॉम वुल्फ यांनी १९६५ साली एस्क्वायर मासिकात त्याला 'शेवटचा अमेरिकी नायक' ठरवलं. लेख चटकदार आहे यात शंका नाही. पण त्यातून लक्षात राहतो तो वेग, भट्टीवरचं कष्टाचं काम नव्हे.

या सगळ्यांत पिणारा कुठे आहे? १९३० साली 'जेक' नावाने विकल्या जाणाऱ्या आल्याच्या अर्कात सरकारी तपासणी चुकवण्यासाठी एक रसायन मिसळलं गेलं आणि हजारो लोकांचे पाय लुळे पडले. त्यांत बहुतेक गरीब होते. १९५१ साली अटलांटात मिथेनॉल मिसळलेल्या चोरट्या दारूने सुमारे ४० माणसं मेली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होती. चोरट्या दारूचे हे बळी पडद्यावरच्या दंतकथेत शोधूनही सापडत नाहीत. गाण्यांत ते सापडतात. इश्मन ब्रेसी आणि टॉमी जॉन्सन या कृष्णवर्णीय गायकांनी, तसंच अ‍ॅलन बंधू या गोऱ्या गायकांनी जेकवर गाणी ध्वनिमुद्रित केली. जी गाणी गिऱ्हाइकांतूनच आली, त्यांना पिणाऱ्याचं शरीर विसरता आलं नाही.

शेवटचा टप्पा बाजाराचा. टेनेसीने २००९ साली कायदा सैल केला आणि पुढच्याच वर्षी गॅटलिनबर्गमध्ये परवानाधारक 'मूनशाईन' काचेच्या बरण्यांत पर्यटकांना विकली जाऊ लागली. त्याच २००९ साली तुरुंगात हजर होण्याऐवजी पॉपकॉर्न सटन या वृद्ध भट्टीवाल्याने आत्महत्या केली. लवकरच त्याचं नाव एका व्हिस्कीच्या बाटलीवर आलं. कायद्याने माणूस संपवला आणि बाजाराने त्याची आठवण विकायला काढली.

दंतकथेला इतिहासाची कसोटी लावू नये, असं म्हटलं जातं. ते मला अर्धंच पटतं. दंतकथेने तपशील बदलले तर बिघडत नाही. पण इथे बदलला आहे तो आरोपी. १७९४च्या शेतकऱ्याचा राग फक्त करावर नव्हता, मोठ्याला सवलत देणाऱ्या कररचनेवर होता. त्याच्या नावाने चालणाऱ्या आजच्या दंतकथेत मोठा भट्टीवाला, साखरेचा व्यापारी आणि हप्ता घेणारा शेजारी सुटले आहेत, आणि पाय गमावलेला पिणारा साक्षीलाही बोलावला गेलेला नाही. समीक्षेने निदान ती साक्ष नोंदवून घ्यावी.