संगमरवरी बुद्धरूप आणि यंत्राची छिन्नी

विहारासाठी बुद्धमूर्ती आणावयाची ठरली की आपल्या समितीच्या बैठकीत बहुधा दोनच प्रश्न निघतात : मूर्ती किती फुटांची असावी आणि तिला खर्च किती येईल? ती कोण घडविणार, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. संगणकावर रूप रचून ते यंत्राकरवी संगमरवरात कोरण्याची पद्धत आता मकराणा-जयपूरच्या मूर्तिव्यवसायात रुळली असल्यामुळे हा तिसरा प्रश्न यापुढे टाळता येण्यासारखा नाही. प्रस्तुत लेखात या नव्या पद्धतीचे कलेच्या आणि धम्माच्या अशा दोन्ही अंगांनी परीक्षण करावयाचे आहे. विवेचनासाठी पेठ वडगाव आणि त्याच्या भोवतालचा हातकणंगले तालुका डोळ्यांपुढे ठेवला आहे. याच तालुक्यातील माणगाव येथे १९२० च्या मार्च महिन्यात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली ऐतिहासिक परिषद भरली. आणि याच तालुक्यात, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे रोज लोखंड कापीत आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, तो पुढे स्पष्ट होईल.

पद्धत कशी आहे?

संगमरवरात थेट छिन्नी घालून मूर्ती काढणारे शिल्पकार पूर्वीही थोडेच होते. रूढ रीत अशी की, शिल्पकाराने प्रथम मातीत रूप घडवावे, त्यावरून साचा घेऊन प्लास्टरची प्रत काढावी, आणि त्या प्रतीवरील बिंदूंची खोली सुईने मोजून ती दगडात उतरवावी. या मोजणीसाठी युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘पॉइंटिंग मशीन’ वापरात आले. इटलीचा विख्यात शिल्पकार कानोव्हा (१७५७–१८२२) याच्या कर्मशाळेत दगडाची बरीचशी कापणी साहाय्यकच करीत. अखेरचा हात तेवढा तो स्वतः फिरवी. तात्पर्य, ‘एकाच हाताने घडलेली संगमरवरी मूर्ती’ ही समजूत यंत्रयुगाच्या आधीपासूनच अर्धीमुर्धी खरी होती.

नव्या पद्धतीत मातीच्या प्रतीचे चहूबाजूंनी छायाचित्रण करून किंवा प्रकाशकिरणांनी मोजमाप घेऊन तिचे त्रिमितीय रूप संगणकात साठविले जाते. किंवा आरंभापासून ते पडद्यावरच रचले जाते. त्यानंतर कापणीचा मार्ग आखला जातो आणि हिऱ्याचा लेप दिलेले पाते पाण्याच्या धारेखाली दगडावर फिरू लागते. आधी ढोबळ कापणी, मग मध्यम, मग बारीक. शेवटी पात्याने सोडलेल्या सूक्ष्म रेघा कानस आणि पॉलिश यांनी माणसालाच काढाव्या लागतात. कारारा या इटलीतील जगप्रसिद्ध खाणगावी हे काम आता अनेक सांध्यांचे यांत्रिक बाहू करतात. साध्या, तीनच दिशांनी चालणाऱ्या यंत्राला मात्र आत वळलेल्या जागी पोहोचता येत नाही.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यंत्राने कोरलेल्या मूर्तीत ‘प्राण’ नसतो, असा आक्षेप घेतला जातो. तो आपल्याही काही उपासकांच्या तोंडी असतो, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

प्राणप्रतिष्ठेची कल्पना बुद्धाच्या धम्माची नव्हे. सिंहलद्वीपात मूर्तीचे डोळे रेखाटण्याचा विधी रूढ आहे हे खरे. परंतु विधीमुळे दगडात कोणी वस्तीस येतो, असे आपण मानीत नाही. कार्ले, भाजे येथील आरंभीच्या लेण्यांत उपासकांपुढे होता तो स्तूप. बुद्धाची मानवाकृती तेथे नंतरच्या काळात आली. आपल्या जिल्ह्यातील पोहाळे येथील लेण्यांतही चैत्यातला स्तूप आजही पाहावयास मिळतो. मूर्ती ही आपल्या दृष्टीने स्मरणाची वस्तू आहे. स्मरण करून देणारी वस्तू हाताने घडली की यंत्राने, यावरून तिची पवित्रता ठरत नाही.

दुसरे असे की, हस्तश्रमाची थोरवी गाणाऱ्यांनी तो श्रम कोणाच्या वाट्याला आला होता, हेही सांगितले पाहिजे. धुळीत बसून दगड फोडणे हे या देशात कोणी कौतुकाने निवडलेले काम नव्हते. ते जन्माने लादले जात होते. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजी यांच्यावरील आपल्या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा परखड समाचार घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवून फुरसत आणि संस्कृती मिळवून देणारे साधन यंत्रच आहे. हा विचार मानणाऱ्याला केवळ ‘यंत्र आहे’ म्हणून मूर्ती नाकारता येणार नाही.

बामियानच्या महामूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबानने उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी जुन्या छायाचित्रांच्या आधारे मोठ्या मूर्तीचे त्रिमितीय रूप संगणकात पुन्हा उभे केले. जे सुरुंगाने उडविले त्याचे माप शिल्लक राहिले, ही या तंत्राची सेवा बौद्ध जगताने कृतज्ञतेने स्मरावी अशीच आहे.

मग उणीव कोठे आहे?

उणीव रूपात आहे, आणि ती डोळ्यांना दिसते.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील धम्मचक्र प्रवर्तन मुद्रेतील बुद्ध ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मार्गदर्शक दिवा कसा सरकवितात हे आठवत असेल. एका बाजूच्या उजेडात मुखावर स्मित उमटते, दुसऱ्या बाजूने ते गंभीर होते, समोरून पाहिले तर ध्यानमग्न भासते. यात चमत्कार काही नाही. मानवी चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात आणि हाताने कोरलेल्या चेहऱ्यातही तो सूक्ष्म भेद उतरतो; उजेडाची दिशा बदलताच तो बोलू लागतो. संगणकावर रूप रचणाऱ्याच्या हाताशी मात्र एक सोयीची आज्ञा असते : अर्धा चेहरा घडवावा, उरलेला अर्धा आरशातल्या प्रतिबिंबासारखा आपोआप तयार होतो. वेळ वाचतो, चूक राहत नाही, आणि चेहरा मुका होतो. दिवा कोठूनही धरा, तो एकच गोष्ट सांगतो.

दुसरी उणीव पापणीची. कोरणाऱ्या पात्याचे टोक जेवढे जाड, तेवढीच बारीक खाच ते काढू शकते. तीन मिलिमीटर व्यासाच्या गोल टोकाने कोरलेल्या खाचेचा तळ दीड मिलिमीटर त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण होऊच शकत नाही. लहान मूर्तीत पापणीची दुमड, ओठांची सांधरेषा, चीवराच्या चुण्या या नेमक्या तेथेच बुजतात. कुशल कारागीर असला तर तो त्या हाताने उघडतो. घाईत हा टप्पा गाळला तर डोळे मिटल्यासारखे नव्हे, लिंपल्यासारखे दिसतात. उघड्या डोळ्यांनी जगाकडे पाहणारा बुद्ध ही आपल्या चळवळीला प्रिय असलेली कल्पना आहे. ती पात्याच्या जाडीने खोडून काढावी, याहून मोठी विसंगती कोणती?

तिसरी उणीव दगडाची जाण नसल्याची. आपली लेणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात आहेत. तो प्रकाश आत घेत नाही. त्यावरची सावली स्पष्ट पडते. संगमरवर किंचित पारदर्शक असतो. प्रकाश त्यात थोडा शिरतो आणि कडा मऊ करतो. म्हणून जाणता शिल्पकार संगमरवरात खाच अधिक खोल घेतो. काळ्या दगडातील मूर्तीचे माप जसेच्या तसे पांढऱ्या दगडात उतरविले तर माप बिनचूक राहते आणि मुखावरचा भाव विरून जातो. सीरियातील पाल्मिरा येथील रोमन काळातील कमान २०१५ साली इस्लामिक स्टेटने पाडली. तिची यंत्राने कोरलेली, आकाराने लहान प्रतिकृती एप्रिल २०१६ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभी राहिली. मूळ कमान चुनखडीच्या दगडाची, प्रतिकृती इजिप्तच्या संगमरवराची. हेतू उदात्त होता, कापणी अचूक होती. तरीही ती वास्तू फारच गुळगुळीत, काळाचा स्पर्श नसलेली वाटते, अशी टीका झाली आणि ती रास्त होती.

या तिन्ही उणिवा यंत्राच्या अंगच्या नाहीत. आरशाची आज्ञा न देणे, बारीक पाते लावणे, पापणी हाताने उघडणे, दगड पाहून खोली वाढविणे, हे सर्व शक्य आहे. पण त्यासाठी निर्णय घेणारा कोणीतरी लागतो. तयार रूप एकदा संगणकात साठविले की ते कोणत्याही मापात, कितीही वेळा कापता येते. विकणाऱ्याला निर्णयाची गरज उरत नाही. आणि घेणाराही विचारीत नाही.

घडविणाऱ्याचे नाव

येथे आपल्याच परंपरेचा दाखला घ्यावासा वाटतो. कोंडाणे येथील लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे कोरलेले आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचा उल्लेख आहे. कार्ल्याच्या चैत्याचे द्वार करणारा धेनुकाकटचा सुतार सामि, वेणुवासाचा पुत्र, शिलालेखातून आजही आपल्याशी बोलतो. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपले ‘रूपकम्म’ नोंदविले आहे. खुद्द कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या स्तूपातील पाषाणपेटीवर दान देणारा बम्ह आणि ती करविणारा धमगुत, अशी दोन्ही नावे आहेत. या देशात कारागिराला नाव नव्हते असे सरसकट म्हणतात; बौद्ध लेण्यांनी ते नाव जपले आहे.

आपण मात्र दात्यांची फरशी भिंतीत बसवितो आणि शिल्पकाराला विसरतो. संसद परिसरातील १९६७ सालचा बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांनी घडविला. उंचावलेला हात आणि हाती संविधान, या मुद्रेच्या आवृत्त्या आज गावोगावी उभ्या आहेत. त्यांना अभिवादन करणाऱ्यांपैकी वाघांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? संगणकीय पद्धतीत ही विस्मृती पूर्ण होण्याचा धोका आहे. कारण तेथे रूप रचणारा एक, कापणीचा मार्ग आखणारा दुसरा, पॉलिश करणारा तिसरा, आणि विकणारा चौथा. नाव लागते ते चौथ्याचे.

वडगावच्या मुलाचा प्रश्न

आता आरंभी सांगितलेल्या संबंधाकडे वळू. पेठ वडगाव आणि आसपासच्या खेड्यांतील मुले शिरोलीच्या कारखान्यांत जातात. ओतीव लोखंडाचे सुटे भाग तेथे ‘सीएनसी’ यंत्रावर कापले जातात. पॅटर्न म्हणजे काय, पाते किती वेगाने फिरवावे, थंड पाणी कोठे सोडावे, हे त्या मुलांना पाठ असते. संगमरवर कोरणारे यंत्र हीच भाषा बोलते. दगडाचा स्वभाव तेवढा नव्याने शिकावा लागतो. मूर्तिकाम आजवर बव्हंशी विशिष्ट घराण्यांत, बापाकडून मुलाकडे जात राहिले. ज्याचा जन्म त्या घरात नाही, त्याला छिन्नी धरावयास शिकविणार कोण? या बंद दाराला संगणकाने प्रथमच फट पाडली आहे. कारखान्यात यंत्र चालविणारा बौद्ध तरुण मातीकाम आणि रेखाटन शिकला, तर आपल्या विहाराचे बुद्धरूप तो स्वतः घडवू शकेल.

आणि ही वाट कोल्हापूरला अपरिचित नाही. चित्र आणि शिल्प या दोन्ही कलांत वावरणाऱ्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी चित्रपटासाठी लागणारा कॅमेरा आपल्याच शहरात जुळवून तयार केला. यंत्र समजून घेतल्याने त्यांच्यातील कलावंत उणा झाला नाही.

हे घडले नाही तर काय होईल, तेही स्पष्ट आहे. आपण केवळ गिऱ्हाईक राहू. दुसऱ्याने रचलेले, दुसऱ्याने कापलेले, प्रत्येक विहारात तेच असलेले पांढरे मुख आपण आपल्या वर्गणीने विकत घेऊ आणि त्यालाच बुद्ध म्हणू. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्थापिलेली मूर्ती रंगूनहून आली होती. तेव्हा आपल्यापाशी घडविणारे हात नव्हते. आज सत्तर वर्षांनंतर ते कारण सांगता येणार नाही.

म्हणून विहार समित्यांनी मूर्ती मागविताना चार गोष्टी आवर्जून पाहाव्यात. मूळ रूप कोणा शिल्पकाराचे आहे, हे नावानिशी विचारावे. कापणीपूर्वी मातीची प्रत समितीने स्वतः, दिवा दोन्ही बाजूंनी धरून पाहावी. अखेरचे हातकाम कोण करणार आणि त्याचा वेगळा मोबदला किती, हे लेखी घ्यावे. आणि मूर्तीच्या आसनावर दात्यांच्या नावांखाली रूपकाराचे, यंत्र चालविणाऱ्याचे आणि पॉलिश करणाऱ्याचे नाव कोरून घ्यावे. बलक, कण्हदास आणि सामि यांच्या ओळीत वडगावच्या एखाद्या मुलाचे नाव यावे, एवढी अपेक्षा या परंपरेच्या वारसांनी बाळगणे अवाजवी ठरू नये.