न्यायालयीन दप्तरातील पूर्वज स्त्री : पाट, मोहतूर आणि नोंदींची भाषा

प्रास्ताविक

वंशावळ तयार करण्याची परंपरा आपल्याकडे प्रामुख्याने वतनाच्या गरजेतून जोपासली गेली. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण यांच्या हक्काचा निवाडा होताना मूळ पुरुषापासून वाद्यापर्यंतची पिढीजात मालिका सिद्ध करावी लागे. साहजिकच या मालिकेत पुरुषांची नावे येतात. स्त्री आढळते ती बहुधा कोणाची तरी पत्नी वा माता म्हणून, अनेकदा नावाशिवाय. अशा स्थितीत एखाद्या पूर्वज स्त्रीच्या आयुष्याचा मागोवा घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकाला न्यायालयीन दप्तर मोलाचे वाटते. तेथे ती नावानिशी भेटते, क्वचित स्वतःच्या तोंडून बोलते आणि तिचे एकाहून अधिक विवाह झाले असल्यास त्यांचा क्रमही तेथेच हाती लागतो. हे साधन किती विश्वासार्ह आहे आणि ते कसे वाचावे, याची चिकित्सा मुंबई इलाख्यातील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञांचा प्रश्न

ब्राह्मण आणि तत्सम आचार पाळणाऱ्या जाती वगळता महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींमध्ये विधवेचा, आणि सोडचिठ्ठी झालेल्या स्त्रीचाही, पुनर्विवाह रूढ होता. त्यास पाट किंवा मोहतूर म्हणत. गुजरातेत नातरे म्हणत. मोल्सवर्थच्या कोशाने पाटाचा अर्थ देताना तो लग्नाहून कनिष्ठ प्रतीचा विवाह मानला आहे. ‘लग्नाची बायको’ आणि ‘पाटाची बायको’ हा भेद समाजातही होताच. तथापि कनिष्ठ विवाह आणि विवाहाचा अभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठेशाहीत पाट लावणाऱ्यांकडून ‘पाटदाम’ नावाचा कर घेतला जाई. कर घेणाऱ्या राजसत्तेने त्या संबंधाला विवाह म्हणून मान्यता दिली होती, असाच त्याचा अर्थ होतो. जमाखर्चाच्या नोंदीत पाट ही नित्याची बाब आहे. तो वादाचा विषय होतो तो न्यायालयात.

नावांची अडचण याहून वेगळी. कागदोपत्री स्त्रीची ओळख ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘जोजे’ या शब्दांनी पतीशी जोडली जाते. दुसरा विवाह होताच हा जोड बदलतो आणि एकच स्त्री दोन कागदांत दोन व्यक्ती म्हणून उभी राहते. विवाहसमयी नाव बदलण्याची प्रथा लक्षात घेता हा गोंधळ वाढतो. म्हणून माहेरचे नाव, गाव आणि अपत्यांची नावे ही तिन्ही जुळल्याशिवाय दोन नोंदी एकीच्याच आहेत असे मानू नये.

कायद्याने घडविलेला पुरावा

न्यायालयात पाट तीन वाटांनी आला : मिळकत, फौजदारी गुन्हा आणि पुत्राचा वारसा. या तिन्ही ठिकाणी कायद्याने आपल्या सोयीचा प्रश्न विचारला आणि उत्तरही त्याच साच्यात नोंदवले.

१८५६ चा हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा सामान्यतः सुधारणेचा टप्पा म्हणून शिकविला जातो. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पूर्वपतीच्या मिळकतीवरील हक्क, जणू ती मृत झाली आहे असे समजून, संपुष्टात येई. ज्या जातींत पुनर्विवाह पूर्वीपासूनच रूढ होता त्यांनाही हे कलम लागू आहे काय, हा कळीचा प्रश्न ठरला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८९ मध्ये हर सरन दास वि. नंदी या दाव्यात ते लागू नसल्याचा निर्वाळा दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९६ मध्ये विठू वि. गोविंदा या दाव्यात नेमका उलट निर्णय दिला. लुसी कॅरोल यांनी १९८३ च्या आपल्या लेखात, उच्चवर्णीय विधवांसाठी केलेल्या या कायद्याने इतर जातींतील स्त्रियांचे असलेले हक्क कसे हिरावले गेले, हे साधार दाखविले आहे. संशोधकाच्या दृष्टीने या निर्णयाचा परिणाम असा की, पूर्वपतीच्या भाऊबंदांना विधवेचा पाट सिद्ध करण्यात आर्थिक स्वारस्य निर्माण झाले आणि तिला तो नाकारण्यात. अशा दाव्यातील साक्ष हे निव्वळ चरित्र नव्हे, हे विसरता येत नाही.

फौजदारी बाजूही अशीच. रेग. वि. करसन गोजा या १८६४ च्या खटल्यात गुजरातेतील तळपदा कोळी जातीचा रिवाज न्यायालयापुढे आला. पतीच्या संमतीवाचून त्यास सोडून नातरे करण्याची मुभा देणारा हा रिवाज न्यायालयाने अनीतिमूलक ठरवून अमान्य केला. पुढे रेग. वि. संभू रघू (१८७६) या खटल्यात, विवाह रद्द ठरवून स्त्रीला पुन्हा विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकारच न्यायालयाने नाकारला. जातपंचायतीच्या दृष्टीने जी स्त्री दुसऱ्याची रीतसर पत्नी होती, तीच दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमाखाली गुन्हेगार ठरू लागली. तिच्या अपत्यांवर ‘अक्करमाशी’पणाचा शिक्का बसण्यास यामुळे कायद्याचे पाठबळ मिळाले.

याच्या उलट बाजूचाही निर्देश आवश्यक आहे. बसप्पा वि. रायव्वा (१९०४) या दाव्यात मुंबईच्या पूर्णपीठाने, पुनर्विवाह झालेली स्त्री पहिल्या पतीपासून झालेल्या पुत्राची वारस होऊ शकते, असे ठरविले. पत्नीचे नाते तुटले तरी मातेचे नाते उरते, हे येथे कायद्याने मान्य केले. पूर्वज स्त्रीच्या दोन घरांमधील दुवा शोधणाऱ्यास हा प्रकारचा दावा सर्वाधिक उपयुक्त ठरतो. कारण त्यात दोन्ही संसार एकाच कागदावर येतात.

जयंतीबाईंचे उदाहरण

दादाजी भिकाजी वि. रखमाबाई हा खटला सर्वपरिचित आहे. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने दिलेला निर्णय, १८८६ मधील अपील, १८८७ मधील न्या. फॅरन यांचा विरुद्ध निकाल आणि १८८८ मधील तडजोड यांची चर्चा सुधीर चंद्र यांच्या १९९८ च्या ग्रंथात विस्ताराने आली आहे. प्रस्तुत संदर्भात लक्ष वेधायचे आहे ते रखमाबाईंच्या मातोश्री जयंतीबाईंकडे.

जयंतीबाईंचा पहिला विवाह जनार्दन पांडुरंग यांच्याशी झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाह निषिद्ध नव्हता. तत्पूर्वी पहिल्या पतीची मिळकत त्यांनी अल्पवयीन कन्येच्या नावे केली. १८५६ च्या कायद्याच्या प्रकाशात पाहता हे पाऊल विलक्षण सुजाण ठरते. जी मिळकत स्वतःपाशी राहणे पुढे संशयास्पद होते, ती त्यांनी मुलीकडे सुरक्षित ठेवली.

या स्त्रीचे दोन्ही विवाह निर्विवाद होते. त्या खटल्यात पक्षकार नव्हत्या आणि त्यांचा पुनर्विवाह हा वादाचा मुद्दाही नव्हता. तरीही दादाजींच्या बाजूच्या कथनात माता आणि मातामह हे मिळकतीच्या लोभाने मुलीला अडवून ठेवणारे म्हणून रंगविले गेले. कन्येवर दावा झाला नसता तर जयंतीबाईंचे दोन विवाह बहुधा घरच्या आठवणीपुरतेच उरले असते. जे पाट सुखाने पार पडले त्यांचा न्यायालयात कागद नाही. आणि ज्यांचा कागद आहे त्यांवर कोणाचा तरी आरोप चिकटलेला आहे.

वाचनाच्या दोन रीती

या साधनांचे दोन प्रकारचे वाचन प्रचलित आहे. पहिल्यात पाट हा बहुजन स्त्रीच्या स्वातंत्र्याचा पुरावा मानला जातो. हे वाचन आकर्षक असले तरी पाटाचे कनिष्ठपण, मिळकतीवर सोडावे लागणारे पाणी आणि मुलांची होणारी ताटातूट यांकडे ते दुर्लक्ष करते. दुसरे वाचन घराघरांत चालते : प्रतिष्ठा वाढू लागलेल्या कुटुंबांनी पणजीचा पाट वंशावळीतून गाळला, किंवा तिलाच गाळले. पहिल्यात तिचे सोसणे नाहीसे होते, दुसऱ्यात ती स्वतः.

रणजित गुहा यांनी ‘चंद्राज डेथ’ (१९८७) या निबंधात १८४९ च्या बंगालमधील एका प्रकरणाच्या आधारे, नातलगांचे दुःखाचे बोल न्यायव्यवस्थेच्या हाती गुन्ह्याचा पुरावा कसे बनतात हे दाखविले. तीच दृष्टी येथेही उपकारक आहे. छापील निवाड्यांत कायद्याचा मुद्दा तेवढा उरतो. म्हणून शक्य तेथे मूळ दप्तरातील फिर्याद, कैफियत आणि जबान्यांपर्यंत जावे. निकालपत्रात ‘रखेली’ हा शब्द आल्यास तो कोणी, कोणत्या लाभासाठी वापरला हे पाहावे, आणि साक्षीदार ‘पाट’ म्हणत असल्यास त्याचा शब्द टिपून ठेवावा.

समारोप

१८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. त्याने रुळविलेली भाषा मात्र कुटुंबांच्या स्मृतीत टिकून आहे. पूर्वज स्त्रीच्या विवाहांची संख्या न्यायालयीन दप्तरातून निश्चित करता येईल. त्या विवाहांचे मूल्य ठरविण्याचा अधिकार मात्र त्या दप्तराला देऊ नये. ज्या पंचांसमोर आणि ज्या गावात तिने दुसरा संसार मांडला, त्यांनी तिला पत्नी मानले होते. निकालपत्राने ते नाकारले असेल तर वंशावळ लिहिणाऱ्याने दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात आणि तिचे नाव तिच्या दोन्ही घरांसह लिहावे.